उजळलेली रिळं

खलीलभाई दबीर शिलाई मशीन दुरुस्त करायचे. पनवेलला टपाल नाक्याकडून बाजारात शिरताना डाव्या हाताला आमची दुकानं लागून होती; त्यांचं मशीनचं, माझं वह्या-पुस्तकांचं आणि फोटो फ्रेमचं. मधली भिंत फळ्यांची. तिकडे हातोडी पडली की इकडे माझ्या शाईच्या बाटल्या हलायच्या. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, तरी मला ‘अविनाशभाऊ’च म्हणायचे.

माणूस कामाला चोख होता. मशीन चालवून नुसता कान द्यायचे आणि आत काय झिजलंय ते सांगायचे. तीन वर्षं कुवेतला कपड्यांच्या कारखान्यात मेकॅनिक होते, ते सोडून १९८४ साली परत आले. का आले ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. त्यांच्या बायकोला, हव्वाबीला, ते कायम खटकत राहिलं. तिच्या दोन्ही भावांची घरं गल्फच्या कमाईवर दुमजली झाली, यांच्या घरावर कौलंच राहिली. नात्यात लग्नकार्य निघालं की कोणीतरी हा विषय काढायचंच, आणि खलीलभाई खाली मान घालून सुपारी कातरत बसायचे.

८६ साली खंडाळ्याच्या एका बंगल्यातून त्यांना बोलावणं आलं. मालक बंगला विकून चालले होते आणि जुनं पाय मशीन विकण्याआधी चालू करून हवं होतं. मशीनच्या खणात सुया, बॉबिनी, बटणं यांच्याखाली पितळेची एक जड चकती सापडली. तिला एक मूठ होती आणि आत दोर गुंडाळायची जागा. मालकांनी सांगितलं, हे मासे धरायच्या काठीचं रीळ, आमच्या आजोबांच्या वेळचं, कोणातरी साहेबानं दिलेलं. तुम्हाला हवं तर न्या.

खलीलभाई ते घेऊन आले आणि चार दिवस दुसरं काम केलं नाही. आतली एक लहानशी स्प्रिंग तुटली होती. शिलाई मशीनच्या स्प्रिंगची तार तापवून, वाकवून त्यांनी नवी बनवली. मग काळं पडलेलं पितळ चिंचेनं आणि राखेनं घासलं, सोन्यासारखं होईपर्यंत. मूठ फिरवली तर कर्रर्र असा आवाज आला, एकसारखा, कुठे न अडखळता. त्यांनी मला फळीवरून हाक मारली आणि तो आवाज तीन-चार वेळा ऐकवला. त्यांचे वडील पनवेल बंदरातून मुंबईला माल नेणाऱ्या मचव्यावर तांडेल होते. फावल्या वेळात हातानं गरी टाकून मासे धरायचे. असलं यंत्र त्यांनी कधी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, असं खलीलभाई दिवसभर बोलत राहिले.

तिथून त्यांना नाद लागला. गिऱ्हाईक दुकानात येऊन रीळ मागायचं ते दोऱ्याचं, आणि खलीलभाई त्याला पितळेचं दाखवायचे. शुक्रवारी दुकान बंद. नमाज झाली की ते बाहेर पडायचे, कधी मुंबईच्या जुन्या बाजारात, कधी जहाजं तोडतात तिकडे, कधी माथेरान, अलिबाग, उरण. जुन्या बंगल्यांच्या माळ्यांकडून, भंगारवाल्यांकडून, म्हाताऱ्या पारशी बायकांकडून ते रिळं मिळवायचे. मिळालेलं प्रत्येक रीळ काळपट, तपकिरी असायचं. दुकानात आणून ते उघडायचे, दात झिजलेली चक्रं नवी कापायचे, वाकडी दांडी सरळ करायचे, आणि शेवटी घासून लख्ख करायचे. भिंतीला काचेचं कपाट करून घेतलं होतं, त्यात ती ओळीनं मांडली जायची. एक्क्याण्णवपर्यंत चौदा झाली होती.

त्या वर्षी माझ्या रद्दीत इंग्लंडचं एक मासेमारीचं मासिक आलं. कोणा खलाशाचं असावं. न्हावा शेवाचं बंदर सुरू झाल्यापासून असली रद्दी मिळायची. मागच्या पानावर एका गृहस्थाचा पत्ता होता. तो जुनी रिळं जमवणारा होता आणि कोणाकडे असतील तर कळवा असं त्यानं छापलं होतं. मी ते खलीलभाईंना वाचून दाखवलं. त्यांना उर्दू आणि मराठी वाचता यायचं. इंग्रजीत फक्त सुयांचे नंबर आणि मशीनची नावं. त्यांची थोरली मुलगी यूम्ना तेव्हा दहावीत होती, शाळेत इंग्रजीत पहिली यायची. स्टुडिओवाल्याला दुकानात बोलावून चौदा रिळांचे फोटो काढले. पत्र यूम्नानं लिहिलं, दोनदा कच्चं करून.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात, दीड पान. पोस्टमनच्या हातात पाकीट पाहूनच खलीलभाईंनी समोरच्या हलवायाकडून पेढे आणले आणि आधी पोस्टमनला दिले. यूम्ना शाळेतून येईपर्यंत पाकीट उघडलं नाही. ती आली, बाकावर बसली, वाचायला लागली. मी फळीच्या या बाजूला होतो. तिला फार वेळ लागला. मग ती म्हणाली की साहेबांनी फोटो पाहिले, काम फार उत्तम आहे, असे हात त्यांनी आयुष्यात पाहिले नाहीत, आणि असंच चालू ठेवा.

खलीलभाईंनी ते तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. आणखी काय लिहिलंय, असं विचारलं. ती म्हणाली, बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते पत्र घेऊन माझ्याकडे आले. फ्रेम करायची होती, सागवानी, दोन्ही पानं शेजारी-शेजारी दिसतील अशी. मी बी.कॉम. झालेला माणूस. काच कापायच्या आधी पत्र वाचलं.

त्या गृहस्थानं लिहिलं होतं की फोटो पाहून त्याला वाईट वाटलं. त्या रिळांवरचा काळपट रंग हा मळ नव्हता; कारखान्यानंच तो चढवलेला होता, उन्हात पितळ चमकून मासा बुजू नये म्हणून. तो गेला की रिळाचं सगळं गेलं. स्क्रूंची डोकी घासली गेली आहेत, बनवणाऱ्याचं नाव जवळजवळ पुसलंय. चौदातली तीन तर अशी होती की त्यांची भावंडं जगात बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील. शेवटी एवढंच लिहिलं होतं, की तुमच्या वडिलांना सांगा, जी उरली असतील त्यांच्यावर दया करून यापुढे त्यांना हात लावू नये.

मी दोनदा वाचलं. मग काच कापली.

संध्याकाळी फ्रेम न्यायला यूम्ना आली. माझ्या तोंडाकडे पाहून तिला कळलं की मी वाचलंय. ती म्हणाली, “काका, अब्बांना नका सांगू. मामूंच्या घरी सगळ्यांना सांगून आलेत ते.” मी मान हलवली. पंधरा वर्षांची पोर होती ती. मी चाळीशीला आलो होतो.

फ्रेम दुकानात काउंटरच्या मागे, कपाटाच्या वर लागली. पाच वर्षं तिथे राहिली. कोणी विचारलं की खलीलभाई यूम्नानं सांगितलेली तीन वाक्यं सांगायचे. नातेवाईक आले, मेहुणे कुवेतहून आले, त्यांनाही सांगितली. लग्नकार्यात त्यांची सुपारी कातरायची सवय गेली. ते आता बोलायला लागले. हव्वाबीसुद्धा शेजारणींना म्हणायची की आमच्या यांना विलायतेहून पत्र आलंय. मी ते सगळं बघत होतो आणि स्वतःला सांगत होतो की कोणाचं काय बिघडलंय.

पण पत्रानंतर ते हातानं घासेनात. त्यांनी एक जुनी मोटर बसवली, तिला कापडाचं चाक लावलं, आणि रिळं त्या चाकावर धरायला लागले. जे चिंचेनं चार दिवसांत व्हायचं ते एका दुपारीत व्हायला लागलं. रेडिमेड कपडे आले होते, घरोघरी शिवायचं कमी झालं होतं, मशीनचं काम घटत चाललं होतं. मोकळा वेळ सगळा रिळांना. दोन महिन्यांत एक, कधी महिन्याला एक. कपाट भरलं, दुसरं केलं.

चौऱ्याण्णव साली त्यांना मुरूडच्या एका जुन्या घरात एक रीळ असल्याचं कळलं. त्या घरातले आजोबा कोण्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर खाडीवर जायचे. रीळ पितळेचं आणि अक्रोडाच्या लाकडाचं होतं, चामड्याच्या डब्यात, एकही स्क्रू कधी न उघडलेलं. घरच्या बाईला पैसे नको होते. तिच्या सुनेला शिलाई मशीन हवं होतं, पण जुनं, पक्कं, आताचं तकलादू नको. खलीलभाईंकडे तसं एकच होतं, हव्वाबीचं. तिच्या माहेरहून आलेलं. त्याच्यावर ती आळीतल्या पोरींचे फ्रॉक शिवायची, ईदच्या आधी तर पहाटेपर्यंत. ते ती आपल्या बहिणीकडे उरणला गेली असताना त्यांनी उचलून टेम्पोत घातलं.

ती परत आली तेव्हा त्या जागी चौकोनी डाग उरला होता. ती दुकानात आली, एकदाच, आणि विचारलं, “माझं मशीन कुठं हाय?” त्यांनी तिला रीळ दाखवलं. नवं मशीन आणून देतो म्हणाले. ती रीळ हातात न घेताच निघून गेली.

लाकडाला धक्का न लावता ते रीळ उजळायला त्यांनी पंधरा दिवस घेतले. मी समोर स्टुलावर बसून पाहिलं. चाक फिरत होतं आणि शंभर वर्षांचा तपकिरी रंग कापडाला लागत होता. बनवणाऱ्याचं नाव पुसट झालं, मग नुसती रेघ राहिली. माझ्या तोंडाशी आलं होतं. ते चाक थांबवून म्हणाले, “बघा अविनाशभाऊ, कसा चेहरा धुतल्यासारखा झाला.” मी म्हटलं, छान झालंय.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर चारुदत्त प्रधान नावाचे एक गृहस्थ दुकानात आले. दादरचे, बोट कंपनीतून निवृत्त झालेले. नवीन पनवेलला त्यांनी ब्लॉक घेतला होता. तीस वर्षं गळ टाकणारे आणि जुनी रिळं जमवणारे. कोणीतरी सांगितलं म्हणून पाहायला आले. खलीलभाईंना इतका आनंद झाला की त्यांनी मला बोलावलं, चहा मागवला, दोन्ही कपाटं उघडली. तोवर त्रेपन्न रिळं झाली होती.

प्रधानांनी एक घेतलं, कानाशी नेऊन फिरवलं. मग दुसरं, तिसरं. ते म्हणाले की आतलं काम फार सुंदर आहे, अशी चक्रं कापणारा माणूस त्यांना मुंबईत मिळाला नाही. खलीलभाई नुसते हसत होते. मग प्रधान अंगठ्यानं पितळेवर चाचपायला लागले, नाव शोधत. विचारलं, “ही सगळी अशीच मिळाली तुम्हाला?”

“नाय हो. सगळी काळी होती. मी केली.”

प्रधानांनी हातातलं रीळ कपाटात परत ठेवलं. त्यांनी आपल्या पिशवीतून एक रीळ काढून काउंटरवर ठेवलं. काजूच्या टरफलासारखं तपकिरी, कडांना जरा उजळ.

“साफ नाय केलंत?” खलीलभाईंनी विचारलं.

“हा मळ नाही, खलीलभाई. हा त्याचा मूळ रंग. हा गेला की रीळ गेलं.”

खलीलभाई हसलेच. म्हणाले, असं नसतं, माझ्याकडे विलायतेचं पत्र आहे. स्टूल ओढून वर चढले, फ्रेम काढली, बाहीनं पुसली आणि प्रधानांच्या हातात दिली. मी त्याच वेळी उठून जायला हवं होतं, किंवा ती फ्रेम हातातून घ्यायला हवी होती. दोन्ही केलं नाही.

प्रधानांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी पत्र मनात वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं की हे तुम्हाला कोणी वाचून दाखवलं. खलीलभाई म्हणाले, मुलीनं. प्रधानांनी फ्रेम परत पुढे केली. खलीलभाई म्हणाले, “वाचा. मराठीत सांगा.” त्यांनी टाळायचा प्रयत्न केला. खलीलभाईंनी पुन्हा तेच म्हटलं, आणि प्रधानांनी ओळ न् ओळ सांगितली.

ऐकून झाल्यावर खलीलभाईंनी एकच विचारलं, पत्रावर तारीख काय आहे. प्रधानांनी सांगितली. ते बोटांवर मोजत कपाटांसमोरून चालत गेले. पत्रानंतरची एकोणचाळीस होती.

प्रधान भला माणूस. जाताना म्हणाले, की यापुढे जी मिळतील ती तरी आहेत तशी ठेवा, मी मदत करतो. खलीलभाई म्हणाले, “आता कुठून मिळतील? इथून मुरूडपर्यंत होती नव्हती ती सगळी माझ्याच हाताखालून गेली.”

यूम्ना तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेज सुटल्यावर ती रोज दुकानावरून घरी जायची. त्या संध्याकाळी ती पायरीवर आली तेव्हा फ्रेम काउंटरवर पडली होती. तिनं पुस्तकं छातीशी धरली आणि तिथेच उभी राहिली. ती म्हणाली, “तुम्ही पाकीट उघडायच्या आधी पेढे वाटले होते, अब्बा. मी काय वाचणार होते?”

“लिहिलं होतं ते.”

“तुम्ही किती खूश होतात.”

“चौदाच बिघडली होती तेव्हा,” खलीलभाई म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “चौदा मी सोसली असती, यूम्ना.”

ती रडायला लागली. त्यांनी तिला घरी जायला सांगितलं. मग ते माझ्याकडे वळले. म्हणाले की फ्रेम तुम्ही केलीत, आणि इंग्रजी तुम्हाला येतं. मी हो म्हटलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो की मला वाटलं, ही तुमच्या घरातली गोष्ट आहे.

“दुकानाच्या भिंतीवर होती, अविनाशभाऊ.”

त्यांनी तेवढंच म्हटलं. पण पुढे कित्येक दिवस ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाकडे निरखून पाहायचे. बँकेतले साहेब, हायस्कूलचे सर, डॉक्टरांची बायको. या पाच वर्षांत यातल्या कोणी कोणी ते वाचलं असेल, वाचून काय वाटलं असेल, तोंडावर काम छान आहे म्हणून बाहेर जाऊन कोण हसलं असेल, हा हिशेब त्यांच्या डोक्यात चालायचा. हायस्कूलच्या सरांचं मशीन त्यांनी दुरुस्त न करताच परत दिलं. सरांना कारण कळलं नाही.

रिळं त्यांनी फोडली नाहीत, विकलीही नाहीत. प्रधानांनी एखादं मागितलं तर देईन, असं ते मला म्हणाले होते, पण प्रधान पुन्हा आले नाहीत. शेवटी पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी ती गोणीत भरली आणि बंदरावर नेऊन खाडीत गरी टाकणाऱ्यांना वाटून टाकली. आतली यंत्रं उत्तम होती, त्यामुळे लोकांनी आनंदानं घेतली. खाऱ्या पाण्यानं सहा महिन्यांत ती हिरवी पडली असं मी ऐकलं. मुरूडचं रीळ कोणाकडे गेलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

यूम्नाचा निकाह सत्त्याण्णवच्या डिसेंबरात झाला, बहारीनला नोकरी करणाऱ्या मुलाशी. मला निमंत्रण होतं. खलीलभाईंनी सगळं रीतीप्रमाणे केलं, कोणाला बोट ठेवायला जागा नव्हती. मुलीला निरोप देताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला.

अठ्ठ्याण्णवमध्ये रस्ता रुंद करताना आमची दुकानांची ओळ पाडली. मला भाजी मार्केटच्या मागे गाळा मिळाला. खलीलभाईंनी दुकान घेतलं नाही; घराच्या ओसरीवरच जी चार-दोन मशीनं यायची ती करायचे. फळीची भिंत गेली, आणि आमचं बोलणं जे थोडंफार उरलं होतं तेही गेलं.

त्या वर्षी नोव्हेंबरात मी त्यांच्या घरी गेलो. यूम्ना बाळंतपणाला आली होती, मुलगा झाला होता, त्याचं नाव अयान ठेवलं होतं. हव्वाबीनं चहा दिला. ओसरीवर नवं शिलाई मशीन होतं, प्लॅस्टिकच्या कव्हरात. ते आल्यापासून ती त्याला एकदाही बसली नव्हती, हे तिनंच मला सांगितलं, अगदी सहज, त्यांच्या देखत. नातू खलीलभाईंच्या मांडीवर होता. आतल्या दारात यूम्ना उभी होती, चार हातांवर.

खलीलभाई हव्वाबीला म्हणाले, “तिला सांग, वारा सुटलाय, पोराला टोपी घाल.”

यूम्ना आत गेली आणि टोपी घेऊन आली. ती त्यांच्यासमोर वाकली, मुलाला टोपी घातली, कानांवरून नीट केली. दोघं एकमेकांकडे पाहत नव्हते. हव्वाबीनं मध्ये काही सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती. बहुधा रोज असंच चालत असावं. यूम्ना मला म्हणाली, “काका, काकू बऱ्या आहेत का?” मी बऱ्या आहेत म्हटलं. ती पुन्हा दारात जाऊन उभी राहिली.

निघताना खलीलभाई फाटकापर्यंत आले. मुलगा खांद्यावर झोपला होता. सात वर्षांत जे म्हणालो नव्हतो ते मी तिथे म्हटलं.

“खलीलभाई, माझं चुकलं.”

“हो,” ते म्हणाले.

मी थांबून राहिलो. त्यांनी मुलाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं आणि म्हणाले की इथून रिक्षा मिळायची नाही, नाक्यापर्यंत चालत जावं लागेल.